हातच्या कामाला चष्मा कशाला?

मोशीच्या एका औद्योगिक प्रदर्शनात एका तरुण विक्री अधिकाऱ्याने माझ्या डोक्यावर चष्मा चढवला. आपण नाकावर ठेवतो तसला नव्हे. मागे पट्टा, पुढे काच, आणि वजन असं की मान आपोआप सावध होते. समोरच्या टेबलावर हार्नेस (वायरींचा बांधलेला जुडगा) करायच्या बोर्डाचा एक तुकडा, पाच-सहा रंगांच्या वायरी आणि बारा घरांचा एक कनेक्टर. काचेतून पाहिलं की हवेत हिरवा बाण उमटायचा: ही वायर उचला, या घरात घाला. "काका, आयुष्यात कधी हार्नेस केलं नसेल तरी पाच मिनिटांत जमेल," तो म्हणाला. भोसरी-चाकण पट्ट्यात मी तेवीस वर्षं हार्नेस केलं आणि शिकवलं, हे त्याला सांगितलं नाही. बाण सांगेल तसं करत गेलो. सातव्या घरात मात्र टर्मिनल, म्हणजे वायरीचं धातूचं टोक, मुद्दाम अर्धवट सोडलं. आत गेलं, पण खटका बसू दिला नाही. चष्म्याने हिरवी खूण केली आणि मला आठव्या घराकडे नेलं.

मागच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'पहिल्याच दिवशी कुशल कामगार'.

त्या मुलाशी माझं काही भांडण नाही. तो नम्र होता, त्याने चहा पाजला, आणि सातव्या घरातलं टर्मिनल मी बोटाने ओढून बाहेर काढून दाखवलं तेव्हा त्याने वहीत टिपूनही घेतलं. भांडण आहे ते फलकाशी. कारण ते वाक्य आता फलकापुरतं राहिलेलं नाही. व्यवस्थापनाच्या चर्चासत्रांत आणि मासिकांत ते सिद्धान्ताच्या थाटात मांडलं जातं. सिद्धान्त असा: कुशल माणसं मिळत नाहीत, मिळाली तर टिकत नाहीत, शिकवायला वेळ नाही. मग कसब माणसात साठवायचंच कशाला? ते चष्म्यात भरा आणि जो येईल त्याच्या डोक्यावर चष्मा ठेवा. या तंत्राला ऑगमेंटेड रिअॅलिटी म्हणतात, कारखान्यात नुसतं एआर. डोळ्यांसमोरच्या खऱ्या वस्तूवर संगणकाने काढलेल्या खुणा उमटवायच्या, एवढाच त्याचा अर्थ.

ही कल्पना कालची नाही, आणि योगायोग असा की ती हार्नेसवरच जन्मली. बोइंगमध्ये विमानाच्या वायरींचे जुडगे बांधायला प्लायवूडच्या लांबलचक फळ्या वापरत. प्रत्येक जुडग्याची फळी वेगळी, फळीवर त्याचा नकाशा, नकाशाप्रमाणे खुंट्या. विमान कंपनीने आसनं बदलून मागितली की वायरी बदलल्या, वायरी बदलल्या की फळी बदलली. फळ्यांचा नुसता ढीग. थॉमस कॉडेल आणि डेव्हिड मायझेल या तिथल्या दोन संशोधकांनी विचार केला की फळी कोरीच ठेवावी आणि वायरीचा मार्ग कामगाराला पारदर्शक काचेतून त्या फळीवर दिसावा. १९९२ साली हवाईतल्या एका परिषदेत त्यांनी निबंध वाचला, आणि ऑगमेंटेड रिअॅलिटी हे नाव त्यातून रूढ झालं. त्या दोघांना फळी हटवायची होती. वायरमन अडाणी असला तरी चालेल, असं त्यांचं म्हणणं नव्हतं.

पुढे त्याच दशकात बोइंगच्या कारखान्यात खऱ्या कामगारांवर चाचणी झाली. १९९८ साली तिचा अहवाल छापून आला तेव्हा त्याच्या शीर्षकातच अडचणींची कबुली होती. एआर वापरून लागलेला वेळ जुन्या पद्धतीच्या जवळपासच राहिला. तेव्हाचे संगणक मंद होते, पडदे जड होते, हे मान्य. पण तीस वर्षांत संगणक पळायला लागले तरी त्या निकालामागचं एक कारण तसंच आहे. वायर कुठे घालायची हे शोधणं म्हणजे अख्खं काम नव्हे.

आता आकड्यांकडे येऊ, कारण विक्रेत्याच्या पोतडीत आकडेच असतात. पहिला आकडा ८२ टक्के. एआरमुळे जुळणीतल्या चुका ८२ टक्क्यांनी घटतात, असं प्रत्येक सादरीकरणाच्या दुसऱ्या-तिसऱ्या पानावर असतं. आकडा खरा आहे. मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या आर्थर टँग आणि सहकाऱ्यांनी २००३ साली तो मांडला. पण तिथे लोक जोडत काय होते? डुप्लोचे ठोकळे. लेगोची ती जाड भावंडं, जी आपण दोन-तीन वर्षांच्या नातवंडांना आणून देतो. ठोकळा एकदा चुकीच्या जागी गेला की त्याच्यावरचे पुढचे सगळे चुकतात. ती साखळी एआरने तोडली, आणि हे श्रेय त्याला द्यायलाच हवं. पण अर्धवट बसलेला ठोकळा खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसतो. अर्धवट बसलेलं टर्मिनल दिसत नाही. शिवाय बाणाच्या मागे जाताना माणसाचं लक्ष त्या बाणापुरतं आकुंचन पावतं, हा धोका त्याच संशोधकांनी नोंदवला होता. सादरीकरणात तेवढं पान येत नाही.

दुसरा आकडा ३४ टक्के. २०१७ साली 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये एक लेख आला. जीईच्या एका तंत्रज्ञाने पवनचक्कीच्या नियंत्रण पेटीतलं वायरिंग आधी नेहमीच्या पद्धतीने केलं, मग एआर चष्मा घालून केलं, आणि पहिल्याच वापरात ३४ टक्के सुधारणा झाली, असं त्यात होतं. लेखाचे लेखक दोन. मॅजिद अब्राहम हे ती चष्म्याची प्रणाली विकणाऱ्या अपस्किल कंपनीचे कार्यकारी अध्यक्ष, आणि मार्को अनुंझियाटा हे जीईचे मुख्य अर्थतज्ज्ञ. विकणारा आणि घेणारा यांनी मिळून लिहिलेला लेख, आणि पुरावा म्हणून एका माणसाचं शेजारी-शेजारी लावलेलं चित्रीकरण. आमच्या दर्जा विभागात एका नगावरून कोणी अख्खी लॉट पास केली असती तर त्याला दुपारच्या आत मेमो मिळाला असता.

तिसरा आकडा पुन्हा बोइंगचा. गूगल ग्लास घालून वायरिंगचा वेळ २५ टक्क्यांनी कमी झाला, असं कंपनीने सांगितलं. मला यात खोटं काही वाटत नाही. पण आधी काय चाललं होतं तेही पाहा. कामगार शेजारच्या लॅपटॉपवर पीडीएफ उघडून वायरीचा नंबर शोधत होता. हातातली वायर खाली ठेवायची, कळफलकाकडे वळायचं, नंबर टंकायचा, परत फळीकडे यायचं. हे थांबवलं की वेळ वाचणारच. चष्मा घालून वाचेल, डोळ्यांच्या उंचीवर पडदा लावूनही वाचेल. वाईट कागदाशी कुस्ती जिंकणाऱ्याने कसबाला चीत केलं असं म्हणू नये.

या तिन्ही आकड्यांपेक्षा मला जास्त बोलका वाटतो तो कोलंबिया विद्यापीठातला एक प्रयोग. स्टीव्हन हेंडरसन आणि स्टीव्हन फायनर यांनी अमेरिकी मरीन दलाच्या सहा मेकॅनिकांना चिलखती वाहनाच्या तोफघरात दुरुस्तीची कामं दिली. निबंध २००९ चा. जागा खरी, अडचणीची. माणसं खरी, शिकलेली. एआरमुळे मेकॅनिकला कामाची जागा लवकर सापडली. पण साध्या पडद्यावर सूचना वाचणाऱ्यापेक्षा त्याचं एकूण काम लवकर झालं असं दिसलं नाही. नट सापडायला लागणारा वेळ घटला, नट फिरवायला लागणारा तेवढाच राहिला.

'कुठे' आणि 'कसं' यांच्यातलं हे अंतर हार्नेसवाल्याला समजावून सांगावं लागत नाही. कनेक्टरमध्ये टर्मिनल घालायचा नियम तीन शब्दांचा आहे: ढकल, खटका, ओढ. टर्मिनल सरळ ढकलायचं, आत पाकळी अडकल्याचा खटका बसला पाहिजे, मग वायर हलकेच ओढून बघायची. शॉप फ्लोअरवर एवढा गोंगाट असतो की खटका कानाला कळत नाही. तो अंगठा आणि तर्जनीला कळतो. तो जाणवायच्या आधीच बोट सुटलं तर टर्मिनल घरात दिसतं, पण पक्कं नसतं. पुढे टेस्ट बोर्डवर वीज चालते का ते तपासतात. धातूला धातू टेकलेला असतो, दिवा लागतो, हार्नेस पास होतो, गाडीत बसतो. मग गाडी खड्ड्यांतून काही हजार किलोमीटर पळते, टर्मिनल हळूहळू मागे सरकतं, आणि एका पावसाळी संध्याकाळी उजवा इंडिकेटर बंद पडतो. वर्कशॉपमध्ये नेली की तो पुन्हा चालू. मेकॅनिक म्हणतो, काही नाही साहेब, तुम्हाला भास झाला असेल.

शिकाऊ मुलींना हे शिकवताना मी एक खेळ करायचो. (मुली म्हणतोय, कारण आमच्या लाईनवर बहुतेक त्याच होत्या.) त्यांच्यापुढे रद्दीतले कनेक्टर ठेवायचो आणि सांगायचो, डोळे मिटा. मिटल्या डोळ्यांनी शंभर टर्मिनलं. पहिल्या दिवशी हसायच्या, दुसऱ्या दिवशी वैतागायच्या. आठवड्याभराने एखादी म्हणायची, सर, हे बसलं नाही. डोळे मिटलेलेच असायचे. आपल्या भाषेत याला 'हात बसणं' म्हणतात, आणि हा शब्दप्रयोग करणाऱ्यांना सगळं कळत होतं. धडा पाठ होतो, रस्ता लक्षात राहतो, पण हात बसावा लागतो. बसायला वेळ लागतो आणि एकदा बसला की त्याला बाण लागत नाही. आमच्याकडे कोऱ्या मुलीचा हात बसायला तीन आठवडे लागत. ज्या कामाचं शिक्षण डोळे मिटून द्यावं लागतं, त्याला उपाय म्हणून डोळ्यांवर यंत्र बसवणं मला तेव्हाही सुचलं नसतं.

यावर उत्तर तयार असतं: नव्या चष्म्यांत कॅमेरा आहे, तो काम तपासतो. तपासो बापडा. कॅमेऱ्याला कनेक्टरचं तोंड दिसतं, आतली पाकळी दिसत नाही. मग अर्धवट टर्मिनल पकडतं कोण? चांगल्या कनेक्टरला प्लास्टिकचं दुसरं कुलूप असतं. सगळी टर्मिनलं शेवटपर्यंत बसली नसतील तर ते बंदच होत नाही. मिटलं नाही की कामगाराला कळलं, सुपरवायझरला बोलवायचंही कारण नाही. मोशीच्या त्या टेबलावरचा कनेक्टर या कुलपाचा नव्हता. असता तर मला सातव्या घरात लबाडी करताच आली नसती, आणि असता तर चष्म्याची गरज काय, हाही प्रश्न तिथेच निघाला असता.

कुलपाचा हा उपाय ज्या परंपरेतला आहे तिचं नाव आपल्या प्रत्येक एमआयडीसीत भिंतीवर रंगवलेलं असतं: पोका-योके. रंगवलेलं असतं, वाचलेलं नसतं. १९६१ च्या सुमाराची गोष्ट. जपानमध्ये यामादा इलेक्ट्रिक नावाच्या कंपनीत एक छोटा स्विच बनत असे. त्यात दोन बटणं, प्रत्येक बटणाखाली एक स्प्रिंग. कधीकधी कामगार एखादी स्प्रिंग घालायला विसरे आणि गिऱ्हाइकाची तक्रार येई. कंपनी कामगारांना बजावायची, लक्ष द्या. काही दिवस लक्ष राहायचं, मग पुन्हा तेच. सल्लागार शिगेओ शिंगो आले. त्यांनी सांगितलं, सुरुवातीला दोन स्प्रिंगा काढून एका बशीत ठेवा, मग जुळणी करा. काम संपल्यावर बशीत स्प्रिंग उरली असेल तर ती घालायची राहिली. संपला उपाय. आजचा सल्लागार असता तर त्याने पहिल्या स्प्रिंगेवर एक बाण आणि दुसरीवर दुसरा बाण उमटवला असता आणि वर्षाच्या परवान्याचं बिल पाठवलं असतं. बशीला चार्जिंग लागत नाही.

त्या गोष्टीचा पुढचा भाग फलकाच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचा आहे. शिंगो आधी या पद्धतीला बाका-योके म्हणत. बाका म्हणजे मूर्ख; मूर्खालाही चुकता येणार नाही अशी योजना. १९६३ साली अराकावा या वाहनांचे साटे बनवणाऱ्या कंपनीत ही योजना समजावून सांगितली जात असताना एक कामगार बाई रडायला लागली. मी इतकी मूर्ख आहे का, असं तिने विचारलं. शिंगोंनी नाव बदललं. पोका म्हणजे अनवधानाने झालेली चूक, जी कोणाच्याही हातून होते. एका अक्षराच्या फरकात कामगाराकडे बघायची नजर बदलली. 'कोणीही आणा, चष्मा घाला, कुशल झाला' या वाक्यात ती पुन्हा साठ वर्षं मागे जाते. पोका-योकेची पाटी लावून आपण बाका-योके विकत घेतोय.

शिंगोंच्याही आधी फ्रँक गिलब्रेथ होता. स्वतः गवंडी म्हणून सुरुवात केलेला माणूस. वीट रचायला लागणाऱ्या १८ हालचाली त्याने जेमतेम पाचावर आणल्या, आणि त्यातली मोठी युक्ती काय? विटा जमिनीवर न ठेवता गवंड्याच्या कमरेच्या उंचीवर येतील अशी परांची बांधली. (आपल्या साइटवर गवंडी आजही दिवसातून शेकडो वेळा वाकतो, पण तो विषय निराळा.) पुढे १९१० नंतर याच गिलब्रेथने कामगारांच्या बोटांना इवलेसे दिवे बांधून त्यांच्या हालचालींच्या प्रकाशरेषांची छायाचित्रं काढली. कुशल हात कसा फिरतो हे व्यवस्थापनाला त्या रेषांतून कळायचं. तो प्रकाश हाताकडून साहेबाकडे जात होता. आताचा साहेबाकडून हाताकडे येतो. आणि साहेबाला हात कसा फिरतो हे माहीतच नसेल, तर तो पाठवणार काय?

चष्म्यात जी पावलं भरलेली असतात ती कुठून आली? कोण्या जुन्या हाताकडून. त्याला समोर बसवलं, चित्रीकरण केलं, पायऱ्या पाडल्या. उद्या वायरीचा पुरवठादार बदलला, वेष्टण थोडं कडक आलं, टर्मिनल पूर्वीपेक्षा जरा जास्त जोर मागायला लागलं. हे पहिल्यांदा कळतं ते बोटांना. बसलेला हात लाईन थांबवतो आणि म्हणतो, हा माल वेगळा आहे. बाणामागे चालणाऱ्याला माल वेगळा असतो हेच ठाऊक नसतं. त्याने दुसरा माल पाहिलाय कुठे? टोयोटात तंत्रशाळेतून वर चढलेले मित्सुरू कावाई यांनी २०१४ च्या आसपास काही ठिकाणी यंत्रं बाजूला काढून माणसांना पुन्हा हाताने धातू ठोकायला बसवलं. प्रक्रिया सुधारायची तर ती आधी हाताला कळली पाहिजे, हे त्यांचं गणित होतं. टोयोटाला यंत्रमानव परवडत नव्हते म्हणून नव्हे.

आता समोरच्या पक्षाचा सर्वांत भक्कम मुद्दा. ते म्हणतात, तुमच्या काळी एका लाईनवर एक हार्नेस होता. आज पेट्रोल, सीएनजी, इलेक्ट्रिक, निर्यातीसाठी डाव्या हाताचं स्टिअरिंग, वर सनरूफ असलेलं आणि नसलेलं. एकाच लाईनवर पाठोपाठ. कोणता भाग घ्यायचा हे कुठल्या डोक्यात राहील? मुद्दा बिनतोड आहे. राहणार नाही, आणि राहावं अशी अपेक्षाही करू नये. पण 'कोणतं' आणि 'कुठे' यासाठीचा दिवा डब्यावर लावता येतो. पुढच्या गाडीला जो भाग लागेल त्या डब्यावरचा दिवा पेटतो, हात आत गेला की विझतो. पिक टू लाइट म्हणून हे कित्येक कारखान्यांत वर्षानुवर्षं चालू आहे. नाहीतर वरून प्रोजेक्टरने कामाच्या जागेवरच प्रकाश पाडता येतो. स्टुटगार्ट विद्यापीठातल्या मार्कुस फुंक आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली कागद, टॅबलेट, डोक्यावरचा चष्मा आणि वरून पडणारा प्रकाश यांची तुलना केली. वरून पडणाऱ्या प्रकाशात जुळणी लवकर झाली आणि चष्म्यापेक्षा चुकाही कमी झाल्या. चष्मेवाल्यांना तर नेमकी जागा शोधायलाच जास्त वेळ लागला, म्हणजे ज्या एका गोष्टीसाठी चष्मा विकला जातो तिथेच तो मागे पडला. याच गटाने पुढच्या वर्षी प्रकाशाच्या सूचना खऱ्या कामाच्या जागेवर अनेक दिवस चालवून पाहिल्या. नवख्यांना त्यांचा फायदा झाला. हात बसलेल्यांचा मात्र वेग घटला आणि डोक्यावरचा ताण वाढला.

यातलं उत्तर सरळ आहे: शिकताना प्रकाश दाखवा, हात बसला की विझवा. कुबडी पाय मोडलेला असताना घेतात. हे उत्तर कोणी नाकारत नाही, पण खरेदीच्या वेळी कोणी विचारतही नाही, कारण विझवायची वेळच येत नाही अशी व्यवस्था आपण करून ठेवली आहे.

हे जरा उलगडून सांगतो. औद्योगिक विवाद कायद्यात २४० दिवसांचा हिशेब होता. बारा महिन्यांत २४० दिवस काम भरलं की कामगाराला सलग सेवेचे हक्क लागू होत. त्याला काढायचं तर नोटीस द्यावी लागे, भरपाई द्यावी लागे. म्हणून आमच्या पट्ट्यात सात-साडेसात महिने झाले की 'ब्रेक'. कंत्राटी असो, ट्रेनी असो, कुठल्याशा योजनेतून आलेली मुलं असोत, गेटपास जमा करायचा, घरी जायचं, बोलावलं तर नव्याने रुजू व्हायचं. त्याच सुमारास शिकाऊ मुलीचा हात खऱ्या अर्थाने बसलेला असायचा. तीन आठवड्यांत टर्मिनल कळतं, पण अख्खी लाईन कळायला सहा महिने जातात: टेप किती ताणायची, कुठला कनेक्टर हट्टी आहे, कोणत्या मशीनचं क्रिम्पिंग (वायरीवर टर्मिनल दाबून बसवणं) सोमवारी सकाळी बिघडतं. ते कळलं की ब्रेक. तिच्या जागी नवी मुलगी, पुन्हा रिजेक्शन, पुन्हा रिवर्क, आणि महिन्याच्या आढावा बैठकीत साहेबांचा तोच सवाल: आपल्याकडे स्किल का नाही?

कुशल माणसं टिकत नाहीत, हे वाक्य मी त्या बैठकांत इतक्यांदा ऐकलंय की त्यातला कर्ता कोण हे विचारायचंही सुचेनासं झालं होतं. टिकत नाहीत की टिकू दिली जात नाहीत? चष्म्याचा सगळा हिशेब पहिल्या अर्थावर उभा आहे. ज्या कारखान्याने दर सात महिन्यांनी शिकलेला हात बाहेर काढायचं ठरवलंय, त्याला खरोखरच चष्मा लागतो, हे मी मान्य करतो. विक्रेता तिथे खोटं बोलत नाही. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, एवढंच. चष्म्याची, त्याच्या परवान्याची, प्रत्येक नव्या मॉडेलसाठी पावलं भरून देणाऱ्या कंपनीच्या फीची किंमत एका बाजूला मांडा, आणि दुसऱ्या बाजूला त्याच मुलींना कायम केलं तर वाढणारा पगार मांडा. हा ताळा मी आजवर एकाही सादरीकरणात पाहिलेला नाही.

आणखी एक गोष्ट सादरीकरणात हळूच येते. चष्मा प्रत्येक पावलाला लागलेले सेकंद नोंदवतो. डोकं कुठे वळलं, किती वेळ वळलं, तेही. टॅक्ट टाइमचा, म्हणजे एका नगाला ठरवलेल्या वेळेचा, बोर्ड आमच्याही लाईनवर होता, पण तो लाईनचा होता. कोण कधी पाणी प्यायली हे त्याला माहीत नव्हतं.

वजनाचं थोडक्यात. मायक्रोसॉफ्टचा होलोलेन्स २ हा या जातीतला नावाजलेला चष्मा ५६६ ग्रॅमचा. बॅटरी दोन-तीन तास, शिफ्ट आठ तास. एप्रिलमध्ये पत्र्याच्या शेडखाली तो घालून कोणी अर्धी शिफ्ट काढून दाखवावी. २०२४ साली मायक्रोसॉफ्टने त्याचं उत्पादनच थांबवलं. गूगलने कारखान्यांसाठीच्या ग्लासची विक्री २०२३ च्या मार्चमध्ये बंद केली आणि सप्टेंबरमध्ये त्याचा आधारही काढून घेतला. ३४ टक्क्यांचा लेख ज्यांच्या अध्यक्षांनी लिहिला, ती अपस्किल २०२१ साली टीमव्ह्यूअरने विकत घेतली. कारखान्यातलं क्रिम्पिंग प्रेस वीस वर्षं चालतं. त्यावरचं कसब अशा वस्तूत ठेवायचं जिची कंपनी पाच वर्षांनी पत्ता बदलते, हा व्यवहार कुठल्या वाण्याला पटेल?

याचा अर्थ हे तंत्र टाकाऊ आहे असा नाही. जर्मनीत अपंग व्यक्तींसाठीच्या संरक्षित कार्यशाळांत वरून पडणाऱ्या प्रकाशाच्या सूचनांचे प्रयोग झाले आहेत, आणि एरवी ज्यांना जुळणीचं काम मिळालंच नसतं अशांना त्यांचा उपयोग होतो. वर्षातून एकदा उघडायचं यंत्र, जहाजावरचा पंप, डोंगरातली पवनचक्की, जिथे तज्ज्ञ पोचायला दोन दिवस लागतात, तिथे दूर बसलेल्या माणसाने तुमच्या डोळ्यांतून पाहून बोट दाखवणं हे वरदानच म्हणायचं. विमानातल्या हजारो वायरींत दोन सारख्या नसतात, तिथे हात बसण्याला मर्यादा आहेत, आणि कॉडेल-मायझेल यांनी अगदी त्याच कामासाठी हे सुचवलं होतं. माझा वाद दिवसाला चारशे वेळा होणाऱ्या कामापुरता आहे. चारशे वेळा होणारं काम माणसाला शिकवतंच. त्याला शिकू द्यायचं की बाणाच्या मागे पळवायचं, एवढंच ठरवायचं असतं.

खरेदीच्या कागदावर सही करणारे कोणी हे वाचत असतील तर त्यांना एक विनंती. चष्मा मागवण्याआधी तुमच्या लाईनवरच्या सर्वांत जुन्या बाईला बोलवा. तिला विचारा की चूक नेमकी कुठे होते, आणि तिथे एक बशी ठेवता येईल का. जुनी बाई सापडलीच नाही, तर विक्रेत्याला फोन करण्याआधी एचआरला करा.

मोशीहून परत येताना मला जुन्नरकडची एक मुलगी आठवत होती. शंभर टर्मिनलांत तीन सदोष मिसळून ठेवली की मिटल्या डोळ्यांनी तिन्ही वेगळी काढायची. माझ्या तेवीस वर्षांत असं करणारी ती एकटीच. तिचे २३८ दिवस भरले त्या शुक्रवारी तिचा गेटपास जमा झाला. सोमवारी तिच्या जागी नवी मुलगी उभी होती, आणि मी रद्दीतले कनेक्टर काढून तिला म्हटलं, डोळे मिट.